बकऱ्याचे दात

बकऱ्याचं वय दातांवरून ठरतं आणि वयावरून भाव. माणच्या बाजारात बकरी घेऊन ती सांगलीला विकायची, एवढ्यावर मी शून्यातून उभा राहिलो. तिथला एक मेंढपाळ माझा जुना वैरी. चार दाती, म्हणजे वयानं थोराड बकरा तो कोवळा दोन दाती म्हणून गळ्यात मारायला बघायचा. मी जबडा उघडून त्याला खोटं पाडायचो, आणि मग टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबत आम्ही भावावरून तासभर भांडायचो.

पुढं मला जवळचं धूसर दिसू लागलं. बाजारात चष्मा लावला तर लोक म्हातारा समजतील, म्हणून तो खिशातच ठेवला. पेपर लांब धरता येतो. एका बाजारी बकऱ्याचा जबडा हातात धरून मीच मान मागं ताणत राहिलो.

मेंढपाळ थोडा वेळ बघत होता. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, आवं. चार दाती हाय." टॉवेलखाली त्यानं पहिल्याच दाबात शेवटचा भाव सांगितला.

"भीक घालतोस व्हय रं मला?" मी ओरडलो.

"भीक न्हाई वं. डोळं गेलेल्या माणसाशी काय भांडायचं?"

आता मी चष्मा लावूनच जातो. दात लख्ख दिसतात. पण मी जबडा उघडायच्या आधीच तो खरं वय सांगून टाकतो, आणि चहा गार व्हायच्या आत सौदा उरकतो. लबाडी करण्याइतकाही तो मला आता मोजत नाही, हे मला अजून गिळता आलेलं नाही.