पिंपातले चिंचोके

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गोऱ्या लष्कराच्या कॅम्पातनं धुण्याचं मशीन आणलं तेव्हा मला वडगावात नांदायला येऊन वर्षही झालं नव्हतं. साहेब लोक विलायतेला परतायच्या गडबडीत होते, बंगल्यातलं सामान मिळेल त्या भावाला निघत होतं, आणि मामंजी तिथल्याच कचेरीत कारकून. टांग्यातनं उतरलं ते एक जस्ताचं पिंप. त्याच्या आत दुसरं, भोकाभोकांचं, आणि बाहेर हातानं फिरवायचा दांडा. फिरवलं की आवाज असा, की शेजारचे माग परवडले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे धुणं हाय का वरात?"

माझं दुखणं वेगळंच होतं. मला भूक लागायची. हे सांगताना आजही मान खाली जाते, पण लागायची, आणि लई लागायची. माझं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या रानातलं. तिकडं वाढणारीनं विचारायचं, खाणाऱ्यानं "नको" म्हणायचं. पुन्हा विचारायचं, पुन्हा "नको". मग ताटावरचा हात बाजूला सारून ती भाकरी टाकायचीच. पहिल्या विचारण्याला "वाढा" म्हणणारी पोरगी हावरट, असं आईनं डोक्यात भरवून पाठवलेलं. आणि आत्याबाई पडल्या सरळ बाई. "वाढू का गं?" एकदाच विचारायच्या. मी "नको" म्हटलं की भाकरीची बुट्टी झाकायच्या. त्यांच्या लेखी नको म्हणजे नको. मला कुणी उपाशी ठेवत नव्हतं, मीच एका भाकरीवर उठत होते.

शेजारच्या विणकरांकडं सुताला लावायच्या खळीसाठी चिंचोके पोत्यानं असायचे. खेळायला हवेत असं सांगून मी ओंजळभर मागून आणायची, चुलीच्या आरात भाजायची आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. दुपारी आडावर एकटी असले की कुडूम कुडूम. माझं लुगडं मीच धुवायची, त्यामुळं गाठ कुणाच्या हाती लागायचा प्रश्न नव्हता.

त्या दिवशी मशीन बघायला गल्लीतल्या बाया अंगणात जमल्या होत्या. मी अंघोळ करून पाण्याला गेले, आणि मामंजींनी हौसेनं दिसेल ते कापड पिंपात कोंबलं. त्यात माझं काढलेलं लुगडंही गेलं. मी घागर घेऊन परतले तर खडाड् खडाड् असा भलताच आवाज, आणि बघता बघता दांडा अडकला. मामंजींचा चेहरा पांढराफटक. "मोडलं बहुतेक," म्हणाले. पिंपाच्या तोंडातनं माझा पदर लोंबत होता, आणि गाठ सुटलेली.

बाही सारून त्यांनी दोन पिंपांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. चाचपून चाचपून एक चिंचोका काढला. मग दुसरा. मग चारपाच. भोकांत रुतून बसलेले तारेनं उचकटले आणि सगळे पायरीवर मांडले. शेजारणीनं एक उचलून बघितला. "भाजलेलं हायत की हे! लुगडं कुणाचं?" सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. "व्हय गं, सासू पोटाला घालत न्हाय व्हय तुला?"

हसत म्हणाली, पण गल्लीत असलं बोलणं हसण्यावारी जात नाही. संध्याकाळपर्यंत घराचं नाव जाणार, आणि तोंड दाखवायला जागा नको म्हणून मला माहेरी धाडणार, हे मला तिथंच दिसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग पुढं होऊन सगळे चिंचोके आपल्या पदरात गोळा केले. "माझं हायत ते. मीच दिलते तिच्याजवळ ठेवायला."

"तुमचं? आणि दात कुठायत आक्का?"

खरंच, आत्याबाईंच्या तोंडात खालचे दोनच दात उरले होते.

"चघळते मी. तुझ्या बापाचं काय जातंय?"

अंगण खो खो हसलं. मामंजीही हसले. आत्याबाई दोन दातांनिशी तशाच ताठ उभ्या. मी कमरेवर घागर घेऊन खाली बघत राहिले. "माझे आहेत" एवढंच म्हणायचं होतं, तेही तोंडातनं फुटलं नाही.

दुपारी पुरुष जेवून गेल्यावर आम्ही दोघी बसलो. सकाळचा विषय त्यांनी काढला नाही. माझी भाकरी संपली. "वाढू का गं?" त्यांनी विचारलं, रोजच्यासारखं, एकदाच. जीभ सवयीनं "नको"कडं वळली होती. पण आज त्यांनी बुट्टी झाकली नाही. माझ्याकडं न बघता आमटीत भाकरी कुस्करत बसल्या.

"वाढा," मी म्हणाले.

त्यांनी वाढली. "आणि?"

"वाढा." डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं आणि मी जेवत होते. चौथ्या भाकरीला त्या नुसत्या "खा" म्हणाल्या.

त्यानंतर मी कधी उपाशी राहिले नाही. पण गल्लीनं मात्र त्यांचं नावच पाडलं, चिंचोक्याची आक्का. बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुणीही हातावर चिंचोका ठेवून म्हणायचं, "घ्या आक्का, चघळा." त्या घेऊन पदराला बांधायच्या. त्या देवाघरी जाईपर्यंत हे चाललं. मी दरवेळी शेजारीच असायची, पोट भरलेली, आणि गप्प.