आत्यानं कळंबहून पत्ते कापले

मंडळी, आज दुपारचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे बाबा इथं ढाणकीत, आत्या कळंबला. दोघांना रमीचा भारी नाद. पण फोनवर खेळायचं म्हटलं की आत्या अडून बसायची. "तू पिसशील, मंग मी कापू कशी? मी नाही खेळत."

म्हणून कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पोरीनं, तन्वीनं, स्वतः एक प्रोग्राम लिहिला. आज तिनं आत्याला समजावलं, "आजी, आजोबांचा फोन पत्ते पिसून प्रत्येकाले कुलूप लावते. तुमचा फोन तेच बंद पत्ते पुन्हा पिसते, वरून आपलं कुलूप लावते. तुमच्या पत्त्यावरचं त्यांचं कुलूप ते काढतात, तुमचं तुम्ही. मधात कोणालेच दिसत नाही, मलेही नाही."

आत्यानं जरा विचार केला. "म्हणजे कापनं माह्याच हाती. वाट मंग."

आत्या सगळे डाव हरली. एरवी समोरासमोर खेळताना हरली की म्हणते, "पिसतानाच घोळ केला." तुमच्याही घरी असं कोणी असेलच. आज मात्र ती म्हणाली, "दादा, चांगला खेळला तू."

बाबांनी फोन ठेवला आणि तन्वीच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरी, आज मी पहिल्यांदा जिंकलो."