कडुनिंबाच्या तेलाला कवच

सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात दवाई मारली की बाबा चार-चार दिवस खोकत. डॉक्टरांनी फवारणी बंद करायला बजावलं होतं. पण नव्या पालवीवर माव्याची कीड दिसली की ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. कडुनिंबाचं तेल उन्हात टिकत नाही, ही त्यांची तक्रार मात्र खरी होती. नागपूरला रसायनशास्त्र शिकून आलेली मी त्यांची उतावळी लेक. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी मी त्यांच्याशी पैज लावली: तेलाच्या थेंबाला कवच घालते, म्हणजे ते हळूहळू झिरपेल. जमलं तर विषारी दवाई सोडायची.

"अन् नाही जमलं तं?"

"तं खुशाल मारा." मी बोलून गेले.

जाड सुईत बारीक सुई बसवली. आतून तेल येणार, बाहेरून समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचं द्रावण. थेंब बारीक तुटावा म्हणून टोकाशी माशांच्या टाकीच्या पंपाची हवा. खाली कॅल्शियम क्लोराइडचं पाणी; त्यात पडला की बाहेरचा थर घट्ट होतो आणि तेल आत कोंडतं. कागदावर किती सोपं!

अल्जिनेट पाण्यात कालवलं तर गाठीच गाठी. सुई तुंबली. पावडर विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पुन्हा कालवलं, पुन्हा तेच. तेवढ्यात आईने डाळीत चिमूटभर सोडा टाकला, कारण आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ त्याशिवाय शिजतच नाही. माझी ट्यूब पेटली. जड पाणी! कॅल्शियम त्यातच होतं, आणि जे सुईबाहेर घट्ट व्हायचं ते भांड्यातच होत होतं.

"विहिरीच्या पाण्यानं घात केला!" मी ओरडले.

बाबा भडकले. "आपल्या इहिरीले नावं ठेवून राहिली? गावात असं गोड पानी नाही!"

"गोडच आहे बाबा, पण माह्या कामाचं नाही."

सौंसरच्या बाजारातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते बिनक्षाराचं पाणी आणलं. द्रावण नितळ झालं! थेंब टपटपू लागले, खसखशीएवढे, गोल, पोटात पिवळं तेल घेतलेले. मी अंगणभर नाचले.

"येडी झाली काय वं?" आई म्हणाली. झालेच होते.

ते दाणे डिंकाच्या पाण्यात कालवून एका झाडाच्या पालवीवर शिंपडले, शेजारच्या झाडावर नुसतं तेल. मग रोज सकाळी चहाआधी बगीच्यात पळायचं. बाबाही जाऊन येत. मला तर झोप लागेना.

आठवड्याने शेजारच्या झाडावर मावा परत आला. माझ्या झाडाची पालवी स्वच्छ होती. बाबांनी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. मग दुसरं. तेलाचा कडू वास अजूनही मला लांबूनच येत होता.

"सगळ्या बगीच्याले किती लागन?" त्यांनी विचारलं.

"एका सुईनं तं महिने जातील."

"मंग सुया वाढव न."

हरल्याचं माझ्यासमोर कबूल करतील तर ते बाबा कसले! संध्याकाळी आईला म्हणाले, "औंदा दवाई आनाची नाही." मी आतल्या खोलीत ऐकलं आणि आनंदाने रडले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने पांढुर्ण्याला सुया आणायला गेले.