कॉकपिटच्या तळाचं भोक

दुपारचं जेवण झालंय, ओटा आवरलाय आणि मी डायनिंग टेबलावरच हातावर डोकं टेकून पडले आहे. नाकाशी रेझिनचा भुगा, वर कुरकुरणारा पंखा. समोर अण्णांचं मिग विमानाचं मॉडेल आहे, खऱ्यापेक्षा अठ्ठेचाळीस पटींनी लहान आणि अजून दोन उभ्या फाकांत. चार दिवस झाले, त्या फाका मिटायला तयार नाहीत.

खोड अण्णांचीच. खोक्यातलं कॉकपिट त्यांना सपाट वाटलं, म्हणून परदेशातल्या कुणा कारागिराकडून रेझिनचं वेगळं मागवलं. सीटच्या पट्ट्यांच्या बकलांसकट कोरलेलं. ते पार्सल आलं तेव्हा अण्णांना जाऊन सतरा दिवस झाले होते. येत्या रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध. विमान कारखान्यातले त्यांचे जुने सोबती येणार आहेत आणि मिग पूर्ण करून फोटोपाशी ठेवते, असं मीच सगळ्यांना सांगून बसले आहे. आज सकाळी कॉकपिट आत बसावं म्हणून तळ घासत गेले, तर आरपार भोक पडलं. तो कारागीर आता हा भाग बनवत नाही.

पंख्याचा आवाज वाढत जातो. टेबल लांब होत जातं, त्याच्या टोकाला पत्र्याचं उंच छप्पर आहे. मिग आता खऱ्या विमानाएवढं आहे, पण दोन फाकांतच. शिडीवर अण्णा, खाकी शर्टात, कानावर पेन्सिल.

"वैजू, बॅटरी धर."

मी धरते. वर्षभर कुठे होतात, हे विचारायचं सुचतच नाही. अण्णा विमानाच्या भिंतीवर आतून बोट फिरवतात. एकतीस वर्षं पत्र्यावर फिरलेलं ते बोट अर्धा मिलिमीटरही न मोजता ओळखतं. मला त्याचा लहानपणापासून हेवा वाटत आलाय.

"तळ कशाला घासलास?"

"बसत नव्हतं."

"ते भिंतींमुळे. कवच आतून घासायचं. मधेमधे उजेडासमोर धरायचं, उजेड झिरपायला लागला की थांबायचं."

"हे तुम्ही मला शिकवलंत कधी? हात तरी लावू दिलात?"

"नाही दिला. चुकलंच माझं."

अण्णा चूक कबूल करताहेत म्हणजे हे स्वप्नच, एवढं मला तिथेही कळतं.

शिडीचं आता आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल झालंय. विमानाच्या पंखाखाली गॅसवर दूध ठेवलंय. कॉकपिट अण्णांच्या तळहातावर मावलंय आणि ते उलटं करून बघताहेत.

"भोक वरून दिसत नाही," मी घाईघाईने म्हणते. "सीट लावली की कोण बघणार?"

"मी बघतो ना."

रागावून म्हणत नाहीत. कारखान्यात तपासणीची खूण झाल्याशिवाय काम पुढे जात नसे आणि घरातही अण्णांनी तोच नियम चालवला. माझे शाळेचे नकाशे, माझं शिवण, सगळं तपासलं. पसंत पडलं की पेन्सिलने बरोबरची खूण, शेपटीला उलटा वेढा दिलेली. दादाच्या वहीत ती बघितलीय. माझ्या एकाही कामावर नाही.

"पातळ पत्रा काप, खालून चिकटव. कोपरे गोल कर, नाहीतर सुटेल."

"आणि जमलं नाही तर?"

अण्णा कानावरची पेन्सिल काढतात. "जमेल."

"अजून केलंही नाही, अण्णा. न बघताच पास?"

"तुझं आहे म्हणून," ते म्हणतात, आणि दूध वर येतं.

पंखा थांबलाय. लाइट गेली आहे. गालावर पॉलिश पेपर चिकटलाय, कॉकपिट मुठीत आहे, घामाने ओलं. मी खिडकीपाशी जाते, ते उलटं करते. भोकाशेजारी पेन्सिलने बरोबरची खूण आहे, शेपटीला उलटा वेढा दिलेली.

मी तिच्यावर हलकेच बोट ठेवते. बोटाला शिसं लागतं. उरलेली पुसली जाऊ नये म्हणून कॉकपिट मऊ फडक्यावर ठेवते आणि पत्रा शोधायला अण्णांचा खण उघडते.