मी प्यायलो नव्हतो

"मोटर न्यूरॉन डिसीज, बल्बार ऑनसेट," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूंना पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरतात, आणि माझ्यात सुरुवात जिभेपासून झाली होती. "बरं करणारं औषध नाही. आवाज आधी जाईल. काही महिने धरून चला."

मी आयुष्यभर जहाजांची इंजिनं दुरुस्त केली. सवयीने विचारलं, "स्पेअर पार्ट?" त्या हसल्या नाहीत. शेजारी बसलेली मेधा, माझी बायको, तीही हसली नाही.

तोवर जीभ अडखळण्याचा सगळा दोष मी दाताच्या नव्या कॅपला देत होतो. हॉकर सेंटरमधले स्टॉलवाले काका कोपीची, म्हणजे इथल्या कॉफीची, ऑर्डर दोनदा विचारायला लागले तेव्हा मेधाने मला ओढत नेलं. एमआरआय झाला. मग ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई खुपसून त्यातली वीज मोजायची. वेटिंग रूममध्ये माझा नंबर पुकारला की मी "येस" म्हणायचो आणि लोक वळून बघायचे.

गार्गी, आमची एकुलती एक, तेव्हा स्पेनमध्ये होती. वर्षभराच्या शिक्षणासाठी सालामांकात पिलारबाई नावाच्या एका बाईंच्या घरी राहत होती. "परीक्षा होऊ दे, मग सांगू," मी म्हणालो. आपल्यात हे असंच करतात. माझे आजोबा गेले तेव्हा मलाही सेमिस्टर संपल्यावर कळवलं होतं.

आमचा फोन दुपारी तीनला व्हायचा. तिकडे तेव्हा नाश्ता चाललेला असायचा. एक दिवस माझं वाक्य अर्ध्यातच लडखडलं.

"बाबा, you drunk ah? भर दुपारी?"

आयुष्यात बिअरही न चाखलेला मी म्हणालो, "हो गं, दोन पेग झालेत." मला वाटलं, काय सुचलंय! दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. मग मी फोनवर बोलायचं टाळून व्हॉइस मेसेज पाठवला: "गार्गी, अगं, रागावू नकोस, आजही थोडी झालीय."

तिचं उत्तर आलं, "उतरली की बोल. तोपर्यंत don't call me lah."

पुढचे सहा आठवडे आम्ही बोललो नाही. स्पीच थेरपिस्टने व्हॉइस बँकिंग सुचवलं. आवाज आहे तोवर वाक्यं रेकॉर्ड करायची, पुढे मशीन ती आपल्याच आवाजात बोलतं. मी म्हटलं, घाई काय आहे? महिने हातात होते, आणि मी ते गप्प बसून घालवले.

पुढचं गार्गीने नंतर सांगितलं. नाश्त्याला बसून ती "बाबा प्यायला लागलेत" असं म्हणत रागारागाने माझा तो मेसेज पुन्हा ऐकत होती. पिलारबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. "माझा नवरा रोज पितो. पिणं कसं ऐकू येतं ते मला विचार. तुमची भाषा मला येत नाही, म्हणून मी नुसता आवाज ऐकते. प्यायलेल्याची जीभ सैल सुटते. या माणसाची जीभ अडकतेय. आईला फोन कर. आत्ता."

मेधाला खोटं जमलं नाही. चौथ्या दिवशी गार्गी चोआ चू कांगच्या आमच्या घरात, दारातच बॅग टाकून उभी होती. मी तिला हाक मारली. मारली असं मला वाटलं. तिला ऐकू आला तो नुसता हुंकार.

त्यानंतर घाईने रेकॉर्डिंग केलं. एकही वाक्य धड आलं नाही.

हे मी एका बोटाने टाइप करतोय. गिळणंही आता अवघड होत चाललंय, आणि पुढे काय ते मला माहीत आहे. तुमच्या घरात हा आजार आला तर एवढंच करा: मुलांना त्याच दिवशी सांगा आणि त्याच आठवड्यात रेकॉर्डिंगला बसा. धीर येईल असं मी काही सांगू शकत नाही. माझ्याकडेच तो फार नाही.

पिलारबाईंना मी कधी भेटणार नाही. पण त्यांनी पाव खाली ठेवला नसता, तर माझ्या लेकीने मला दारुडा समजूनच निरोप दिला असता.

माझ्या तोंडून तिचं नाव स्पष्ट आलेलं एकच रेकॉर्डिंग उरलंय, तो खोटा मेसेज. गार्गीने त्यातला पहिला शब्द कापून माझ्या बोलक्या मशीनमध्ये घातलाय. मी बटण दाबतो. ती स्वयंपाकघरातून ओरडते, "आले, बाबा!"