मायनं शिवलेलं पंक

कॉलेजात आम्हाला गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. चिठ्ठ्या टाकल्या, आणि आमच्या वाट्याला आलं पंक रॉक. घ्या! अमरावतीत पंक कोण शिकवणार? गेलो सायबर कॅफेत. तिथं फोटो वरून खाली हळूहळू उतरायचा. आधी तुऱ्यासारखे उभे हिरवे केस, मग फाटकं काळं जॅकेट, त्यावर सेफ्टी पिनाच पिना, आणि ओरडणारं तोंड. वाचत गेले तसं कळलं, ही पोरं गरीब वस्त्यांतली, जगावर खार खाऊन असलेली, आणि तरी नाचणारी. मी खुर्चीतच उडाले. हे तर आपलंच हाय ना बाप्पा!

कारण शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत वऱ्हाडात कॅमेरा यायचा तो आमचं रडणं टिपायला. इतका, की लोकांना सवयच लागली होती. कॅमेरा दिसला की चेहरे आपोआप पडायचे. मला त्याचा भारी राग यायचा. वऱ्हाड मोठ्यानं ओरडतंय, असा एक तरी व्हिडिओ मला हवा होता. म्हणून अकोल्याचा भाजीबाजार ठरवला. तिथं माझी माय वांगी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. कॉलेजचा कॅमेरा एकाच सकाळपुरता मिळाला होता.

आदल्या दिवशी अकोल्याला घरी येऊन जुनं जॅकेट ब्लेडनं मस्त फाडून ठेवलं. सकाळी पाहते तर मायनं सगळं शिवून टाकलेलं. तेही दाभणानं, लाल सुतळीनं, पोतं शिवतात तसे हे मोठाले टाके!

"अव माय! हे काय केलं?"

"कॅमेऱ्यापुढं फाटकं घालून जाशीन? लोक म्हनतीन, बिचारी. मले नाई आयकाचं कोनाचं बिचारी."

मी तिच्यापुढे कॅफेतून छापून आणलेला फोटोचा कागद धरला. "पाह्य न, हे रडून नाई राहिले. भांडून राहिले."

तिनं कागद बराच वेळ न्याहाळला. मग बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून माझ्या कॉलरला टोचली. बाजारात पोचलो तर तिच्या सांगण्यावरून बाया एकेक करून बांगड्यांतल्या, मंगळसूत्रातल्या पिना काढायला लागल्या. "वापस देजो पोट्टे!" लाल टाके आणि त्या पिना, जॅकेट असलं झकास झालं की सायबर कॅफेतले फोटो फिके पडले.

मग कॅमेरा सुरू झाला, अन् झालं! बायांनी डोक्यावर पदर ओढले, तोंडं पाडली. एकीनं तर डोळ्याला पदरही लावला. गेली सकाळ, गेला व्हिडिओ.

तेवढ्यात माय वांग्यांच्या क्रेटवर चढली.

"अव बायाहो, आज रडाचं नाई! आज बोंबलाचं हाय!"

आणि पहिली बोंब तिनंच ठोकली. पाठोपाठ सगळा बाजार सुटला. पदर घसरले, कुणी ताटली वाजवली, कुणी हसता हसता खाली बसली. तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. त्यात माझं गाणं अजिबात ऐकू येत नाही.