रेकॉर्डवर पारखलेला ॲम्प्लिफायर

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. कारंज्याला एका शाळेत मी कारकून होतो आणि बाजारगल्लीत खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. खोली घेताना घरमालकानं आडनाव विचारलं, तेव्हा गावाच्या नावाला ‘कर’ जोडून सांगितलं. त्यानं पुढं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली तेव्हा बा गावाहून एस.टी.नं कारंज्याला आला. गावातल्या आमच्या वस्तीनं वर्गणी करून भोंगा, माइक आणि रेकॉर्डप्लेअर घेतला होता, एका ट्रॅक्टरची बॅटरीही मिळणार होती. राहिला होता ॲम्प्लिफायर. तो मी निवडायचा, कारण शिकलेला मी. हा सगळा खटाटोप खरं तर बासाठी होता. जयंतीच्या मिरवणुकीत बैलगाडीवर उभं राहून तो दरसाल गायचा. पण जिनात कापसाची धूळ खाऊन त्याचा गळा बसला होता. मागच्या वर्षी तर गाडीमागं चालणाऱ्या बायांनाही त्याचं गाणं ऐकू गेलं नव्हतं.

दुकानदार मुसलमान, बोलका माणूस. बॅटरीवर चालणारे दोन ॲम्प्लिफायर त्यानं पुढं ठेवले, एक लहान, एक मोठा. “माइक पे गाना है ना? मंग बाबा, दोन्हीवर गाऊन पाहा. ज्याच्यात तुमचा आवाज खुलते तो घ्या.”

बानं माइक हातात घेतला, खाकरला. खुश होता. आणि त्याच वेळी माझा घरमालक दुकानात येऊन बाकड्यावर बसला. त्याला रेडिओ दुरुस्तीला द्यायचा होता.

बाला जयंतीचीच गाणी येत. पहिल्याच ओळीत ज्यांची जयंती त्यांचं नाव. ते ऐकल्यावर मला कोणी आडनाव विचारायची गरज उरली नसती.

“गाऊ नको,” मी हळूच म्हणालो.

“काहून?”

“बाजार आहे हा. रेकॉर्ड लावून पाहू.”

रेकॉर्ड लावली. मोठ्या ॲम्प्लिफायरनं गल्ली दणाणली, त्याच्यापुढं लहान अगदीच किरकिरा. “रेकॉर्ड की बात अलग, माइक की अलग,” दुकानदार बोलला. मी मोठा बांधायला सांगितला. बानं माइक खाली ठेवला.

जयंतीच्या दिवशी गावात उन्हं उतरल्यावर गाडी निघाली. बा गाऊ लागला आणि भोंग्यातून काहीच येईना. मी बटन वाढवलं, तर कान फाटेल अशी शिट्टी. कमी केलं, की बाचा आवाज गेला. भोंगा दुसरीकडं वळवला, माइक फडक्यात गुंडाळला. पुन्हा शिट्टी.

“बुढ्याले नाई, भोंग्यालेच खोकला झाला!” कोणीतरी ओरडलं. लोक हसले. बासुद्धा हसला.

“जाऊ द्या तो माइक,” बाया म्हणाल्या, “तुमी तसेच गा.” तो तसाच गायला. गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या, शब्द कुठंच पोचत नव्हते. शेवटी पोरांनी रेकॉर्ड लावली. ती अशी वाजली, की पलीकडच्या गल्लीतले लोक धावत आले. बा गाडीच्या साट्यावर बसून राहिला, बंद माइक मांडीवर. माझा हात अजून बटनावरच होता.

मिरवणूक संपल्यावर एका म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, “दुकानातच गाऊन काहून नाई पाह्यलं, बावा?”

बानं माझ्याकडं पाहिलं नाही. “हा म्हणत होता ना, गाऊन पाह्य म्हणून. मलेच लाज वाटली बजारात.”

मी तिथंच तारा गुंडाळत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर त्यानं मला काही म्हटलं नसतं, हेही माहीत होतं. तरी गुंडाळतच राहिलो.

पुढच्या साली माइक कोणी काढलाच नाही. बा गाडीमागून, रेकॉर्डच्या मागं मागं चालला. मग दरसालच तसं. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. वस्तीतली जुनी माणसं अजून सांगतात, की म्हातारा एवढा गायचा, पण दुकानात गायला लाजला. माझ्यासमोर सांगतात. मी ऐकून घेतो.